कुमार वाचक आणि त्याचा ग्रंथपाल

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात संस्थापकांची छायाचित्रे असतात, देणगीदारांची यादी असते, इमारतीच्या कोनशिलेची हकिकत असते. वाचकांचे वर्णन करण्याची वेळ आली म्हणजे मात्र आपण ‘आबालवृद्ध’ हा एक शब्द वापरून मोकळे होतो. या समासात बाल आहे आणि वृद्ध आहे. बारा ते अठरा वर्षांचा वाचक त्यात नेमका कोठे बसतो, हे कोणी विचारीत नाही. बालविभागातली खुर्ची त्याला ठेंगणी पडू लागलेली असते आणि मोठ्यांच्या देवघेव विभागात त्याच्या नावाचे कार्ड अजून झालेले नसते. या मधल्या वाचकाविषयी लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आहे. प्रस्तुत लेखक भोपाळच्या अवधपुरी या वसाहतीत राहतो, आणि तेथील मराठी घरांतल्या अशाच वयाच्या मुलामुलींना पुस्तके देण्याचे काम काही वर्षे त्याच्याकडे होते, एवढाच त्याचा अधिकार. अवधपुरीपर्यंत यावयाचे तर आधी दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जाणे भाग आहे.

मागे गेल्यावर पहिलीच गंमत आढळते ती ही की, ज्या संस्थांच्या नियमावलीत तरुण सापडत नाही, त्या संस्था बऱ्याच अंशी तरुणांनीच उभारलेल्या आहेत. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ साली स्थापन झाली; तिच्यासाठी झटणारे गोपाळ हरी देशमुख, म्हणजेच लोकहितवादी, तेव्हा पंचविशीत होते. त्याच वर्षी मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली सुरू करणारे विनायक लक्ष्मण भावे यांनी वयाची बावीस वर्षेही पुरी केलेली नव्हती. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या भाव्यांची आपल्या डोळ्यांपुढची मूर्ती प्रौढ संशोधकाची असते; परंतु मराठी ग्रंथ एका ठिकाणी जमवून ठेवावेत, हा ध्यास त्यांना मिशी फुटण्याच्या वयात लागला होता.

संस्था तरुणांनी काढल्या तरी कुमारवयाच्या वाचकासाठी कपाटात काही ठेवावे, असे फार काही तेव्हा उपलब्धही नव्हते. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ मध्ये निघाले, वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये. ही दोन्ही मुलांची मासिके. त्यांच्या पलीकडे हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या, ज्या ‘करमणूक’मधून १८९० पासून येऊ लागल्या होत्या आणि ज्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मते पोराच्या हाती पडू नयेत अशा होत्या. ओक आणि हरिभाऊ यांच्यामधले अंतर मुलाने एका उडीत ओलांडावे, अशीच अपेक्षा होती. बहुतेकांची उडी चुकत असणार. ज्यांची साधली त्यांच्या मागे कोणी ना कोणी उभे होते, असे चरित्रे वाचताना दिसते.

त्यांतले सर्वांत ठळक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. पण ते ग्रंथालयाच्या इतिहासात कोणी सांगत नाही, म्हणून येथे सविस्तर सांगतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या चर्नी रोड बागेत एक शाळकरी मुलगा संध्याकाळी पुस्तक घेऊन बसत असे. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारा हा मुलगा परळच्या चाळीत एका खोलीत राहत होता. त्या एका खोलीत स्वयंपाक, झोप, पाहुणे आणि अभ्यास हे सर्वच चालायचे. त्याच बागेत शिक्षक आणि ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर येऊन बसत. मुलगा रोज दिसतो, खेळत नाही, वाचतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी त्याला नाव विचारले, काय वाचतोस ते विचारले आणि काय वाचावे ते सांगू लागले. स्वतःजवळची पुस्तकेही देऊ लागले. मुलाचे नाव भीमराव आंबेडकर. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते, आणि केळुसकरांनी त्या सभेत आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. पुढे इंटरनंतर शिक्षण थांबायची वेळ आली तेव्हा केळुसकरच त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

केळुसकर ग्रंथपाल नव्हते. परंतु कुमार वाचकांच्या ग्रंथपालाने जे करावयाचे असते ते यापेक्षा वेगळे काय असते? मुलगा दिसणे, म्हणजे तो गर्दीत एकटा आहे हे दिसणे, ही पहिली गोष्ट. त्याला काय येत नाही हे विचारण्याऐवजी तो काय वाचतो हे विचारणे, ही दुसरी. शिक्षकी पेशातल्या माणसाला ती सहसा साधत नाही. नंतर त्याच्या आजच्या वाचनापेक्षा एक पायरी वरचे पुस्तक त्याच्या हाती द्यावयाचे, आणि ते पुस्तक परत आल्यावर पुढचे द्यावयाचे. १९०७ मध्ये दिलेल्या त्या चरित्राचा धागा १९५६ च्या नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत जातो, हे आपण मागे वळून पाहताना म्हणतो. केळुसकरांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुस्तक देणाऱ्याला त्याचे फळ बहुधा दिसत नाहीच.

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून अस्तित्वात होते, आणि हा मुलगा मात्र बागेत बसला होता. वर्गणी, अनामत, कोणाची तरी ओळख या सर्वांच्या आधी त्याच्यापुढे जातीचा उंबरठा होता. ज्या मुलाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नव्हती, त्याने ग्रंथालयाच्या मेजावर हात टेकून पुस्तक मागावे, असे ते दिवस नव्हते. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये अस्पृश्यांस खुली करण्याचा ठराव मांडला तो बोले यांनी. सोळा वर्षांपूर्वीच्या त्या सभेचे अध्यक्ष तेच. पुढच्या वर्षी, जुलै १९२४ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि मुंबईत एक मोफत वाचनालय व तरुणांसाठी एक हॉकी क्लब चालविला. वाचनालय आणि हॉकी ही जोडी मला फार बोलकी वाटते. ज्याने ती जुळविली त्याला सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे काय, हे ठाऊक होते. गिरणगावातला मुलगा संध्याकाळी गुत्त्याकडे वळण्याऐवजी मैदानाकडे वळला, तर मैदानाकडून वाचनालयाकडे वळण्याचीही शक्यता असते. आपल्या सुस्थित ग्रंथालयांना हे सुचायला पुढे बरीच दशके लागली.

ज्या महाराजांनी शिष्यवृत्ती दिली त्यांच्या बडोद्यात या काळात ग्रंथालयांचा एक मोठा प्रयोग चालू होता, आणि त्याच्या मुळाशी हाच कुमार होता. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण साऱ्या संस्थानात लागू केले. सक्ती बाराव्या वर्षाच्या आसपास संपते. शाळा सुटलेल्या मुलाच्या हाती नांगर किंवा तागडी आली आणि छापील अक्षर डोळ्यांआड झाले, की चार-पाच वर्षांत तो पुन्हा निरक्षर होणार, आणि शाळेवर झालेला खर्च पाण्यात जाणार. ग्रंथालये हवीत ती त्यासाठी, हा बडोद्याच्या योजनेचा साधा हिशेब होता. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन यांना तेथून बोलावून घेतले. बॉर्डन पूर्वी न्यू हेवन येथील ‘यंग मेन्स इन्स्टिट्यूट’च्या ग्रंथालयात ग्रंथपाल होते. त्यांच्या हाताखाली आलेले मोतीभाई अमीन यांनी विद्यार्थिदशेतच वसो या आपल्या गावी वाचनालय काढले होते. तरुणांच्या संस्थेतून आलेला परदेशी माणूस आणि स्वतः तरुणपणी वाचनालय काढलेला देशी माणूस अशी ही जोडी पडली.

राजवाड्यातील वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयास मिळाले. स्त्रियांसाठी व मुलांसाठी वेगळे विभाग झाले. मुलांच्या दालनात पुस्तकांबरोबर बैठे खेळही ठेवलेले असत. ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग १९११ मध्ये निघाला, आणि १९१२ पासून निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी, गुजराती व मराठी असे तिन्ही भाषांतील मजकूर असे. म्हणजे ग्रंथालयशास्त्र मराठीत बोलू लागले ते आधी बडोद्यात. खेड्यांकडे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत असत. ज्या गावाला कायम ग्रंथालय हवे असेल त्याने खर्चाचा तिसरा हिस्सा उभारावा, तिसरा प्रांत पंचायतीने द्यावा आणि उरलेला सरकारने, असा नियम होता. मला या नियमातील शहाणपण पेट्यांपेक्षाही मोठे वाटते. गावाने पदरचे पैसे घातलेले कपाट गाव कुलूप लावून ठेवीत नाही.

परंतु चित्र पुरे करावयाचे तर हेही लिहिले पाहिजे. १९१७ साली, ह्याच संस्थानच्या खर्चाने परदेशी शिकून आलेले सव्वीस वर्षांचे डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यास आले, आणि राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते तेथून त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने हुसकावले. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठी बागेत बसून काढला. देशातील उत्तम ग्रंथालय असलेल्या शहरात त्यांना बसावयास जागा मिळाली ती पुन्हा बागेतच.

या सुमारास सातासमुद्रापलीकडे कुमार वाचकाचा ग्रंथपाल हा स्वतंत्र पेशा आकार घेत होता. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मेबल विल्यम्स यांनी १९१९ पासून शाळांशी संबंध जोडून हे काम सुरू केले. बाल्टिमोर येथे मार्गारेट एडवर्ड्स यांनी तर १९४० नंतरच्या काही वर्षांत घोड्याच्या गाडीतून पुस्तके गल्लोगल्ली नेली. घोडागाडीतून भाजीपाला विकण्याची तेथील रीत होती, तीच त्यांनी उचलली. आपल्याकडे १९५१ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने सुरू झालेल्या दिल्ली पब्लिक लायब्ररीने मुलांचा विभाग, कथाकथन इत्यादी उपक्रम हाती घेतले, पण त्याचा वारा मराठी मुलखापर्यंत मंदच पोहोचला.

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला, ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले, अनुदानाची शिस्त आली आणि बालविभागाला नियमांत स्थान मिळाले. ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठीत येतच होता; १९७१ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ आले; भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपल्या सायकलवरून घरोघर पोहोचला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला प्रथमच आपल्या वयाचा नायक मिळाला. मात्र ग्रंथालयाच्या मेजामागचा माणूस फारसा बदलला नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या कादंबऱ्या मुले गल्लीतल्या भाड्याच्या लायब्ररीतून नेत आणि क्रमिक पुस्तकात लपवून वाचीत. सार्वजनिक ग्रंथालये त्यांच्याकडे नाक मुरडून पाहत. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या त्या माणसाने मराठी कुमारांना एका बैठकीत शंभर पाने वाचावयाची सवय लावली, याची नोंद आपण पुरेशी घेतलेली नाही. त्या शंभर पानांनंतरचे पुस्तक सुचविणारा कोणी हवा होता. तो नव्हता, हा दोष अर्नाळकरांचा नव्हे.

आणि आता कुमार-युवक ग्रंथालयात येतो तो अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षेची स्वतःची पुस्तके तो घरून आणतो, पंख्याखालची जागा धरतो, सकाळी येतो तो रात्री जातो. अहवालात त्याची उपस्थिती मोजली जाते, आणि ती मोठी दिसते. पण त्याने वर्षभरात आपल्या संग्रहातले एक तरी पुस्तक घरी नेले का, हे देवघेवीची नोंदवही सांगते, आणि ती कोणी त्या दृष्टीने उघडीत नाही. अभ्यासिकेला माझा विरोध नाही. परळच्या त्या एका खोलीची आठवण ठेवली तर कोणाचाच असू नये. अभ्यासिकेच्या दारापासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत वीस पावलांचे अंतर असते. तेवढे चालवून आणणारा एक माणूस नेमावा, एवढेच म्हणणे आहे.

आता भोपाळकडे वळू. या शहरात मराठी माणूस मोठ्या संख्येने आला तो मुख्यतः एका तारखेमुळे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूर राजधानी असलेले जुने मध्य प्रदेश राज्य मोडले, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. नागपूरच्या कचेऱ्यांतले मराठी कर्मचारी, तसेच ग्वाल्हेर-इंदूरकडचे मराठी कारकून आणि अधिकारी आपापल्या फायलींबरोबर येथे आले. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. भोपाळच्या पूर्वेस तिचा कारखाना उभा राहिला आणि पुढे तो ‘भेल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्या आसऱ्याने पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा ही नगरे वसली. अवधपुरी ही त्याच बाजूची वसाहत. निवृत्त झालेली कारखान्यातली माणसे आणि त्यांची पुढची पिढी येथे मोठ्या संख्येने आहे.

या पुढच्या पिढीचा प्रश्न महाराष्ट्रातल्या मुलापेक्षा वेगळा आहे, आणि बंगळूर किंवा अमेरिकेतल्या मराठी मुलापेक्षाही वेगळा आहे. तेथे मुलाला लिपीच परकी होऊन बसते. भोपाळच्या मुलाला देवनागरी उत्तम येते, कारण तो शाळेत हिंदी शिकतो. मराठी पुस्तक उघडले की तो खडाखडा वाचतो, फक्त ‘ळ’पाशी थोडा अडखळतो. पाहणाऱ्याला वाटते, याला मराठी येते. खरी अडचण पुढे असते. नववीतल्या एका मुलाला लोकमान्यांचे लहानसे चरित्र दिले होते. पुस्तक परत करताना तो म्हणाला, “काका, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा इंग्रजांनी मंडालेलाच का दिली? पुण्यात कॉलेज होतं ना?” हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. ‘गीतारहस्य’ लिहून परतलेल्या माणसाविषयी तो अगदीच चुकला, असे म्हणवेना. तेव्हापासून अशा शब्दांची एक वही ठेवली. चेष्टा, जी तिकडे प्रयत्न असते आणि इकडे थट्टा. संशोधन, जे तिकडे दुरुस्ती असते. राग, खाली, यजमान. वही मुलांनीच भरीत नेली. कोणाला नवा शब्द सापडला की त्याचे नाव त्यापुढे लिहावयाचे, आणि या एका लोभाने काही मुलांनी दोन-दोन पुस्तके वाचून काढली.

दोन भाषांच्या घरात वाढणे म्हणजे काही तोटाच, असे मात्र कोणी समजू नये. ग्वाल्हेर संस्थानातील मुक्तिबोधांच्या घरातला थोरला भाऊ गजानन माधव हिंदीतला श्रेष्ठ कवी झाला आणि धाकटा शरच्चंद्र मराठीतला मान्यवर कवी व समीक्षक. या दोघांची पुस्तके अवधपुरीच्या कपाटात शेजारी ठेवली होती. वर्गीकरणाच्या नियमांत ते बसत नाही. मोठ्या मुलांना त्यावरून जे समजले ते मात्र वर्गीकरणाने समजले नसते.

भोवतालच्या हिंदी भोपाळात मुलांच्या वाचनासाठी चाललेले काम पाहून मराठी मंडळींनी पुष्कळ शिकावे असे आहे. ‘एकलव्य’ ही संस्था १९८२ मध्ये येथे स्थापन झाली आणि तिचे ‘चकमक’ हे मुलांचे मासिक १९८५ पासून निघू लागले. त्यात मुलांनी लिहिलेले, काढलेले छापण्याचा परिपाठ पहिल्यापासून आहे. २०१६ साली याच शहरातल्या एका झोपडवस्तीत नऊ वर्षांच्या मुलीने, राज्य शिक्षण केंद्राकडून मिळालेल्या पुस्तकांवर, आपल्या घरापाशी वाचनालय सुरू केले. संध्याकाळी शाळेतून आल्यावर ती पुस्तके दोरीवर टांगून मांडी. नियमावली, कार्यकारी मंडळ, अनुदान यांपैकी काही नसताना मुले येत. मध्य प्रदेशात विसावे शतक संपेपर्यंत ग्रंथालयाचा कायदा झाला नव्हता; तेव्हा सरकारी अनुदानाच्या आधारावर मराठी संग्रह वाढेल, या आशेवर येथील कोणी बसले नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या फिरविल्या, तेव्हा बडोद्याच्या पेट्या पुन्हा निघाल्या असेच वाटले, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांना पुस्तके पोहोचविण्याचा याहून स्वस्त मार्ग दिसत नाही. पेटीत मोठ्यांच्या कादंबऱ्या आणि लहानांची चित्रांची पुस्तके सहज भरली जातात. चौदा वर्षांच्या मुलीसाठी काय घालावे, येथे मात्र पेटी भरणारा थबकतो. अनुभवाने सांगतो: प्रवास, विज्ञानकथा, खेळाडूंची आत्मचरित्रे, आणि ज्यांत संवाद पुष्कळ आहेत अशी पुस्तके. संवादातले मराठी मुलांना घरातल्या मराठीमुळे कळते. वर्णनातले मागाहून येते.

अवधपुरीत एक रीत आपोआप पडली. पुष्कळ घरांत मराठी पुस्तकाचे कार्ड आजीच्या नावाचे असे, आणि पुस्तक न्यावयास नात येई, कारण आजीला जिना चढवत नसे. काही आज्यांचे डोळे अधू झालेले होते. त्यांना नात वाचून दाखवी आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ आजी सांगे. प्रारंभी नात आजीने चिठ्ठीवर लिहिलेले नाव वाचून पुस्तक मागत असे. चार-सहा महिन्यांनी चिठ्ठी येईनाशी होई, आणि मुलगी कपाटापुढे उभी राहून स्वतः निवडू लागे. नोंदवहीत नाव आजीचेच पडे. त्या नोंदी चाळताना, चिठ्ठी नेमकी कोणत्या तारखेला बंद झाली हे पुस्तकांच्या नावांवरून ओळखता येते.